गोड पदार्थ विकून मदतनिधी: एका प्लेटमागे नेमके किती?

रुजवात

रेस्टॉरंटच्या मेन्यूकार्डावर तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते: 'या डेझर्टच्या विक्रीतील काही भाग अमुक संस्थेला दिला जाईल.' आपण ती वाचतो, ऑर्डर देतो, बिल भरतो आणि बरं वाटून बाहेर पडतो. तो 'काही भाग' केवढा होता, कधी पोचला, हे विचारायची कुणाला सवय नाही. मला त्यावरच बोलायचं आहे.

मी एका लहान स्वयंसेवी संस्थेत निधी गोळा करायचं काम बघते. रेस्टॉरंटांकडून आम्हाला असे प्रस्ताव येतात. कल्पनेला माझा विरोध नाही. उलट ती मला फार आवडते, कारण तिच्यातून खरोखर मोठी कामं उभी राहिलेली आहेत. 1974 साली फिलाडेल्फियात पहिलं 'रोनाल्ड मॅक्डोनाल्ड हाउस' सुरू झालं. आजारी मुलाला इस्पितळात ठेवलेल्या आईवडिलांना जवळपास राहता यावं, यासाठीचं घर. त्याच्या निधीचा एक वाटा मॅक्डोनाल्ड्सच्या हिरव्या 'शॅमरॉक शेक'च्या विक्रीतून आला होता. ईगल्स या फुटबॉल संघातल्या फ्रेड हिल यांच्या लहान मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता, तिथून ही सगळी हालचाल सुरू झाली. कॅनडातल्या टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानांच्या साखळीचं 'स्माइल कुकी' 1996 मध्ये हॅमिल्टनच्या मुलांच्या इस्पितळासाठी निघालं, ते अजून दरवर्षी चालू आहे.

अशा उपक्रमांत फरक मात्र असतो. 'स्माइल कुकी'ची, कर वगळता, सगळीच्या सगळी किंमत स्थानिक संस्थांना जाते. डेअरी क्वीन या आइस्क्रीमच्या साखळीत 'मिरॅकल ट्रीट डे'ला प्रत्येक ब्लिझर्ड आइस्क्रीममागे एक डॉलर किंवा अधिक मुलांच्या इस्पितळांना मिळतात. चीजकेक फॅक्टरीने ठरावीक चीजकेकच्या प्रत्येक तुकड्यामागे 25 सेंट 'फीडिंग अमेरिका' या भुकेल्यांना अन्न पुरवणाऱ्या संस्थेला दिलेले आहेत. 25 सेंट फार नाहीत, पण ते छापलेले असतात. ग्राहकाला कळतं, मिळणाऱ्या संस्थेलाही कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे: एका प्लेटमागे किती, ते छापा. कमी असेल तर कमी छापा. 'काही भाग' या दोन शब्दांवर कुणाकडून पैसे घेऊ नयेत.

या मंचावर हॉटेल व्यवसायातले, हिशेब बघणारे, नुसते खाणारे असे सगळेच आहेत. संस्थेने रेस्टॉरंटशी बोलताना कशाचा आग्रह धरावा? तुमचे अनुभव लिहा.

कोरा कागद

मला हा प्रकारच पटत नाही. मदत करायची तर संस्थेच्या खात्यात सरळ पैसे भरावेत. मध्ये साखर, साय आणि रेस्टॉरंटची जाहिरात कशाला? एका प्लेटच्या किमतीतला लहानसा तुकडा संस्थेला जाणार, तोच मी थेट दिला तर सगळा जाईल.

शिवाय यात एक धोका आहे. अराधना कृष्णा यांचा 2011 चा अभ्यास याच विषयावर आहे. सत्कार्याशी जोडलेली वस्तू विकत घेतली की लोक नंतर स्वतंत्रपणे देणगी कमी देतात, असं त्यात दिसलं. खरेदी झाली की मनात देणगीच्या रकान्यात खूण होते. म्हणजे संस्थेला एका हाताने मिळतं आणि दुसऱ्या हाताने जातं. रुजवात, तुमच्या संस्थेने हे धरलं आहे का?

रुजवात

कोरा कागद, मुद्दा खरा आहे, आणि नियमित देणगीदारांच्या बाबतीत मला त्याची काळजी वाटतेही. म्हणूनच आमच्या नेहमीच्या देणगीदारांना आम्ही अशा उपक्रमाची पत्रं पाठवत नाही. पण रेस्टॉरंटात बसलेल्या बहुतेकांनी आमचं नावही ऐकलेलं नसतं. ते थेट खात्यात पैसे भरणार नव्हतेच. त्यांच्याकडून आलेली रक्कम आमच्यासाठी नवी असते, आणि त्यातले थोडे पुढे स्वतःहून विचारायला येतात.

पाचवा थर

मी हॉटेलच्या पेस्ट्री विभागात काम करतो. आतली बाजू सांगतो.

पहिली गोष्ट, यासाठी गोड पदार्थच का निवडतात. मुख्य जेवणाचा पदार्थ ऑर्डर आल्यावर बनतो. गर्दीच्या वेळी त्या शेगड्यांवर एकही जादा पातेलं चढवायला जागा नसते. गोडाचं तसं नाही. मूस (फेटलेल्या सायीचा हलका गोड पदार्थ) आदल्या रात्री साच्यांत भरून फ्रिजमध्ये सेट करायला ठेवतात. सकाळी साचे उघडले की मोजून इतके नग हातात असतात. संध्याकाळी फक्त प्लेटमध्ये काढायचं आणि वर सॉस ओढायचा. त्यामुळे किती विकले हे सांगणं अगदी सोपं: सकाळचे नग वजा रात्री उरलेले नग वजा फुटलेले. बिलिंगच्या यंत्रातला आकडा याच्याशी जुळला पाहिजे. ताटातल्या भाजीचा असा हिशेब करता येत नाही. संस्थेला पारदर्शकता हवी असेल तर आधी साच्यात सेट होणारा पदार्थ मागा. त्याची मोजणी दोन ठिकाणी होते.

दुसरं, पैशाचं. प्लेटची किंमत 100 धरा. कच्चा माल समजा 28. उरलेले 72 म्हणजे नफा नव्हे. त्यातून पगार, भाडं, गॅस, वीज, धुलाई, तुटलेल्या प्लेटा, कार्डाने पैसे भरले की बँकेचं कमिशन, सगळं जातं. शेवटी मालकाच्या हाती 8 उरले तर तो खूश असतो. म्हणून मालक 'काही भाग' असं मोघम लिहितो तेव्हा दर वेळी फसवणूक असते असं नाही. खूपदा त्याचं गणितच झालेलं नसतं. त्याला घाबरवू नका, सोबत बसून गणित करा. एक मार्ग मला चालताना दिसतो. ही प्लेट मुख्य जेवणाच्या बिलावर वरची भर असते. भाडं आणि पगार तसेही द्यायचेच असतात. त्यामुळे या एका पदार्थापुरता कच्चा माल वजा करून बाकी सगळं देणं मालकाला परवडू शकतं, महिनाभर तरी. पण एखादा ग्राहक नेहमीचा गोड पदार्थ सोडून हा घेतो, तिथे त्याचं नुकसान होतं. हे त्याला आधीच सांगा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात तो पदार्थ मेन्यूवरून गुपचूप गायब होतो.

चिमणचारा

बाकी काही म्हणा, गोड खाताना मला स्वतःलाच जरा टोचतं. ते मदतीसाठी आहे म्हटलं की टोचणी कमी होते. माझ्यासारखे पुष्कळ असणार. यावर कुणी अभ्यास केला आहे का?

हिशेबनीस

चिमणचारा, केला आहे, आणि तुमच्या मनातलंच निघालं. स्ट्राहिलेविट्झ आणि मायर्स यांचा 1998 चा शोधनिबंध आहे. देणगीची जोड गरजेच्या वस्तूपेक्षा चैनीच्या वस्तूला दिली तर ती जास्त चालते. धुण्याच्या साबणामागे देणगी असेल तर लोक म्हणतात, त्यापेक्षा साबणच स्वस्त द्या. आइस्क्रीमच्या बाबतीत तसं होत नाही. चैनीसोबत येणारी अपराधी भावना आणि देण्याचं समाधान एकमेकांना तोलून धरतात. म्हणून पाचवा थर यांनी सांगितलेली स्वयंपाकघरातली कारणं आणि ग्राहकाच्या मनातली कारणं एकाच पदार्थाकडे बोट दाखवतात.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे. मी ताळेबंद तपासणारा माणूस आहे, म्हणून माझा सगळा राग एका शब्दावर आहे: 'नफा'. 'नफ्याच्या 50 टक्के संस्थेला' असं छापलं तर वाचणाऱ्याला वाटतं निम्मे पैसे गेले. पाचवा थर यांचीच उदाहरणं घ्या. किंमत 100, नफा 8, त्याचे 50 टक्के म्हणजे 4. ग्राहकाच्या डोक्यात 50 आणि संस्थेच्या खात्यात 4. ओल्सन, प्रेसियस आणि ब्राउन यांनी 2003 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. लोक नफ्याची टक्केवारी आणि किमतीची टक्केवारी यांत गल्लत करतात, आणि देणगी आहे त्यापेक्षा मोठी समजतात. छापणाऱ्याने खोटं लिहिलेलं नसतं, तरीही वाचणाऱ्याची समजूत चुकीची होते. म्हणून टक्केवारीच नको. एका प्लेटमागे अमुक रक्कम, असंच लिहून घ्या.

ब्रिटनमध्ये यावर कायदाच आहे. 1992 च्या चॅरिटीज अ‍ॅक्टप्रमाणे, आमच्या विक्रीतून अमुक संस्थेला पैसे जातील असं सांगून माल विकणाऱ्या व्यावसायिकाला त्या संस्थेशी लेखी करार करावा लागतो, आणि किती रक्कम जाणार हे ग्राहकाला सांगावं लागतं. नक्की आकडा माहीत नसेल तर शक्य तितका अचूक अंदाज द्यावा लागतो. 'काही भाग' तिथे चालत नाही. अमेरिकेत बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स ही संस्था धर्मादाय संस्थांसाठी मानकं ठरवते. त्यातही विक्रीच्या जागीच तीन गोष्टी सांगायला हव्यात असं आहे: किमतीतला किती वाटा, उपक्रमाची मुदत, आणि कमाल किंवा हमी दिलेली किमान रक्कम असेल तर ती.

ही तिसरी गोष्ट लोक विसरतात. कमाल मर्यादा ठरलेली असेल आणि ती दहाव्या दिवशी गाठली गेली, तर अकराव्या दिवशी गोड खाणाऱ्याच्या प्लेटमागे संस्थेला काहीच जात नाही. मेन्यूकार्डावरची ओळ मात्र तशीच असते.

निळी शाई

मला आरोग्याच्या बाजूने बोलायचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर आणि तत्सम साखरा रोजच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांखाली असाव्यात, आणि शक्यतो 5 टक्क्यांखाली. 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम, सहा छोटे चमचे. रेस्टॉरंटमधली गोडाची एक प्लेट हा हिशेब सहज ओलांडते. मग मुलांच्या इस्पितळासाठी, हृदयरोग्यांसाठी, मधुमेहींसाठी पैसे गोळा करायला तेच विकायचं, याचा मला त्रास होतो.

2010 मध्ये अमेरिकेत केएफसीने स्तनाच्या कर्करोगाच्या कामासाठी गुलाबी बादल्यांत तळलेलं चिकन विकलं, प्रत्येक बादलीमागे 50 सेंट. पैसे मोठे जमले, पण टीकाही खूप झाली. त्यातली एक गोष्ट इथल्या चर्चेत महत्त्वाची आहे. देणगी मोजली जात होती ती रेस्टॉरंटवाल्यांनी विकत घेतलेल्या रिकाम्या बादल्यांवर. ग्राहकाने घेतलेल्या बादलीने एकूण रक्कम थेट वाढत नव्हती, आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. किती लोकांनी वाचलं असेल?

रुजवात

निळी शाई, आमच्या समितीतही हा वाद झाला. मधुमेहाच्या कामासाठी गोड पदार्थ नको, यावर माझं तुमच्याशी पूर्ण एकमत आहे. संस्थेचं काम आणि विकला जाणारा पदार्थ एकमेकांच्या विरुद्ध उभे असतील तर संस्थेने नाही म्हणावं, रक्कम कितीही मोठी असो. पण शाळेची पुस्तकं, बेघरांसाठी निवारा, पूरग्रस्तांना मदत, अशा कामांसाठी बाहेर जेवायला आलेल्या माणसाने एक गोड पदार्थ वाटून खाल्ला तर मला वावगं वाटत नाही. छोटी प्लेट ठेवा, देणगीची रक्कम तीच ठेवा, असा आग्रह मात्र धरता येईल. हा मुद्दा मी आमच्या यादीत घालते आहे.

बादल्यांबद्दल तुम्ही लिहिलंत त्याने माझा मूळ मुद्दा आणखी पक्का झाला. 'एका प्लेटमागे' म्हणजे ग्राहकाने घेतलेल्या प्लेटमागे, हेही स्पष्ट लिहून घ्यायला हवं.

टेबल सात

वाढणाऱ्यांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. मी बरीच वर्षं वेटर होतो.

असा उपक्रम यशस्वी होतो तो टेबलाजवळ. जेवण संपत आलेलं असतं, लोक फोन काढतात, बिल मागायच्या बेतात असतात. त्या वेळी प्लेटा उचलता उचलता एक वाक्य बोलावं लागतं. 'गोड काही आणू का? आमच्याकडे या महिन्यात एक पदार्थ आहे, त्याच्या प्रत्येक प्लेटमागे इतके पैसे मुलांच्या वाचनालयाला जातात.' एवढंच. नाही म्हणाले तर हसून बिल आणायचं, पुन्हा विचारायचं नाही. यजमानाला पाहुण्यांसमोर अडचणीत आणलं की तो परत येत नाही, आणि त्या संस्थेचं नावही त्याच्या मनात कडू होतं.

आता आकडा छापलेला नसेल तर काय होतं? ग्राहक वेटरलाच विचारतो, 'किती जातात हो?' आणि वेटरला माहीत नसतं. मग तो काहीतरी पुटपुटतो किंवा मॅनेजरकडे बघतो. तेवढ्यात टेबलावरचा विश्वास गेलेला असतो. मी ज्या ठिकाणी काम करत होतो तिथे एकदा असंच झालं. उपक्रम संपल्यावर किती जमले हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या कुणी ते वाक्य मनापासून बोललं नाही. लोकांसमोर उभं राहून शब्द देतो तो आम्ही. रोजचा आकडा स्वयंपाकघराच्या दारामागे फळ्यावर लिहा. माणसं आपोआप जोर लावतात.

पाचवा थर

टेबल सात, फळ्याचं अगदी मान्य. आमच्या विभागातल्या मुलांनाही आपण सेट केलेले नग कुठे गेले ते कळलं पाहिजे. त्यांच्या जादा तासांचा पगारही हिशेबात धरा. सत्कार्य आहे म्हणून कामगाराने फुकट राबावं असं होता कामा नये. ज्याला स्वतःहून द्यायचं त्याने द्यावं.

चिमणचारा

एक सुचवू का? किंमतच ग्राहकावर सोडली तर? 'तुम्हाला वाटेल ते द्या, निम्मे संस्थेला.'

हिशेबनीस

याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे, 2010 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. करमणूक उद्यानातल्या पाळण्यावर काढलेले फोटो विकायचे होते, प्रयोगात लाखाहून जास्त लोक होते. नुसतं 'वाटेल ते द्या' म्हटल्यावर पुष्कळांनी फोटो घेतले, पण सरासरी डॉलरभरही दिले नाहीत. 'वाटेल ते द्या, निम्मे सत्कार्याला' म्हटल्यावर घेणारे कमी झाले, पण जे घेत होते ते सहा डॉलरच्या वर देत होते. सत्कार्याच्या नावावर अगदी थोडे पैसे टाकायची लोकांना लाज वाटते, त्यापेक्षा ते घेतच नाहीत. फोटोला कच्चा माल फारसा लागत नाही. मूसला लागतो, आणि उरलेला मूस दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. म्हणून रेस्टॉरंटात ठरलेली किंमतच बरी.

कोरा कागद

वेंडीज या अमेरिकेतल्या बर्गरच्या साखळीची पद्धत मला यातल्या त्यात प्रामाणिक वाटते. ते किल्लीला अडकवायचं एक छोटं टॅग विकतात. त्याचे पैसे प्रामुख्याने दत्तक मुलांसाठी काम करणाऱ्या डेव्ह थॉमस फाउंडेशनला जातात, आणि ते टॅग दाखवलं की वर्षभर खरेदीसोबत छोटं फ्रॉस्टी (त्यांचा आइस्क्रीमसारखा गोड पदार्थ) फुकट. वेंडीजचे संस्थापक थॉमस स्वतः दत्तक गेलेले होते, हे फाउंडेशन त्यांनी 1992 मध्ये काढलं. इथे देणगी आधी होते, गोड नंतर मिळतं. आपण कशाचे पैसे देतो आहोत याबद्दल मनात गोंधळ राहत नाही.

माझं मूळ मत बदललेलं नाही, मी थेटच देईन. पण टेबल सात आणि पाचवा थर यांनी लिहिलेलं वाचल्यावर एवढं म्हणतो की उपक्रम करायचाच असेल तर तो असा करता येतो.

उत्तररात्र

एक उदाहरण राहिलं. जून 2020 मध्ये अमेरिकेत पाओला वेलेझ, विला पेलिनी आणि रॉब रुब्बा यांनी 'बेकर्स अगेन्स्ट रेसिझम' सुरू केलं. एका ठिकाणी मोठा कार्यक्रम न करता ज्याने त्याने आपापल्या भट्टीत भाजायचं, आपल्या ओळखीत विकायचं आणि आपण निवडलेल्या संस्थेला पैसे द्यायचे. बघता बघता ते अमेरिकेबाहेरही पसरलं. तेव्हा पुष्कळ पेस्ट्री शेफ नोकरी गेल्यामुळे घरी होते. हाताला काम नसताना त्यांनी दुसऱ्यासाठी भट्ट्या पेटवल्या. मला ते फार मोठं वाटतं.

रुजवात

सगळ्यांचे आभार. तुमच्या प्रतिसादांवरून आमच्या करारासाठी मेन्यूकार्डावर आणि फलकावर लावायची ओळ अशी लिहिली आहे, बघा:

'1 ते 30 तारखेपर्यंत या पदार्थाच्या ग्राहकाने घेतलेल्या प्रत्येक प्लेटमागे (रक्कम) आम्ही (संस्था) हिला देऊ. कमाल मर्यादा नाही. जमलेली एकूण रक्कम पुढच्या महिन्याच्या 10 तारखेला याच फलकावर लावू.'

करारात आणखी तीन कलमं: नगांची रोजची मोजणी आणि बिलिंगचा आकडा दर आठवड्याला आमच्याकडे, विक्री कमी झाली तरी मिळणारी किमान रक्कम, आणि पैसे भरण्याची तारीख.

हिशेबनीस

चांगली आहे. दोन दुरुस्त्या. 'देऊ'च्या आधी 'कर किंवा इतर कोणतीही कपात न करता' असं घाला, म्हणजे नंतर कार्डाचं कमिशन कापून घेतलं असं होणार नाही. आणि पदार्थ मुदतीआधी मेन्यूवरून काढला तर फलक त्याच दिवशी उतरवायचा, हेही लिहा. पैसे भरायची तारीख फलकाच्या तारखेच्या आधीची ठेवा. फलक लावताना तुमची पावती त्यांच्या हातात असू द्या, आणि पावतीवरचाच आकडा फलकावर जाऊ द्या.

रुजवात

घातलं. पैसे 7 तारखेला, फलक 10 ला. पहिल्या उपक्रमाचा आकडा आला की इथेच लिहीन, कमी असला तरी.